महात्मा जोतीराव फुले : भाषणात न येणारी शेती आणि माती



११ एप्रिलच्या जयंतीला आपल्या शाळेत होणारी भाषणं आठवून बघा. भिडे वाडा येतो, सावित्रीबाईंच्या अंगावर फेकलेलं शेण येतं, सत्यशोधक समाज येतो, आणि दोन शब्द संपवून मूल खाली बसतं. यात चूक काहीच नाही. पण जोतीरावांचं निम्मं आयुष्य या भाषणातून गळून पडतं. हा माणूस माळ्याच्या घरातला, मातीत वाढलेला, स्वतः शेती करणारा. जमीन का खंगते, तिचं पोट कशानं भरतं, यावर त्यांनी १८८३ साली मराठीत लिहून ठेवलं आहे. आपल्या जिल्ह्यात राहुरीला त्यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ आहे. ते नाव फक्त आदरापोटी दिलेलं नाही, त्यामागे खरा संबंध आहे, हे मुलांना सांगायला हवं.

आज त्या अंगानं जोतीरावांचं चरित्र बघू. आठवी-नववीला विज्ञानात नायट्रोजन चक्र शिकवता, तेव्हा हा मजकूर इतिहासाच्या तासालाही जोडता येईल.

जोतीराव जन्मले ११ एप्रिल १८२७ रोजी. घराणं मूळचं सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. पुण्यात आल्यावर घरानं फुलांचा धंदा धरला, पेशव्यांकडे फुलं पुरवली आणि फुले हेच आडनाव होऊन बसलं. वडील गोविंदरावांचा भाजी-फुलांचा व्यवसाय आणि शेती. आई चिमणाबाई जोतीराव अगदी तान्हे असताना गेल्या, सगुणाबाईंनी त्यांना वाढवलं. थोडंफार लिहिता-वाचता यायला लागलं आणि वडिलांनी शाळेतून काढून मुलाला मळ्यात कामाला लावलं. पुढे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोन शेजाऱ्यांनी गोविंदरावांची समजूत घातली, तेव्हा १८४१ साली मुलगा पुन्हा शाळेत गेला. मधली काही वर्षं मात्र मळ्यात गेली. चरित्रकार ही वर्षं वाया गेली असं धरून पुढे सरकतात. मला तसं वाटत नाही. वाफे बांधणं, पाणी देणं, खत टाकणं हे ज्यानं लहानपणी हातानं केलं, त्यानंच पुढे शेतावरचं ते पुस्तक लिहिलं.

आता आपल्या नगरचा भाग. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, बोलताना तोंडात अजून नगरच येतं.) जोतीरावांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे नगरला नोकरीला होते. त्यांच्याकडे जोतीराव आले असताना अमेरिकन मिशनच्या मुलींच्या शाळा त्यांनी पाहिल्या. त्या शाळा सिंथिया फरार नावाच्या बाई चालवत. १८३९ पासून १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या नगरमध्येच राहिल्या. नगरहून परतल्यावर १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंच्या शिक्षिका होण्याच्या तयारीतही फरार बाईंचं नाव येतं. म्हणजे ज्या शाळेनं महाराष्ट्र बदलला तिचा एक धागा आपल्या गावातून जातो. हे मुलांना आवर्जून सांगा, त्यांचे डोळे चमकतात.

शाळा चालवायच्या तर पैसा लागतो, आणि जोतीराव सरकारी नोकरीत नव्हते. ते ठेकेदारी करत. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल, खडकवासल्याच्या धरण-कालव्याची कामं यांच्याशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. खडकवासल्याचा कालवा झाला तरी सुरुवातीला शेतकरी त्याचं पाणी घ्यायला बिचकत होते. पाणीपट्टीची धास्ती होती, नव्या गोष्टीची भीतीही होती. जोतीरावांनी मांजरीला कालव्याच्या पाण्यावर जमीन घेतली आणि बागायत करून दाखवली. शेतकऱ्यांना काय करा हे सांगण्याआधी स्वतः करून बघणं ही त्यांची रीत. दुसऱ्या बाजूनं, ठेकेदारीमुळे सरकारी बांधकाम खातं आतून कसं चालतं, पैसा कुठे मुरतो, मजूर कसा नाडला जातो, हेही त्यांनी जवळून पाहिलं. पुढच्या लिखाणात इंजिनिअर मंडळींवर जी आग पाखडलेली आहे ती इथून आलेली दिसते.

मग आली १८७५ ची साल. मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले आणि वणवा आपल्याकडे पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, नगर तालुक्यांत पसरला. शेतकऱ्यांना हवी होती ती सावकारांच्या घरातली कर्जखतं, तीच जाळण्यावर त्यांचा भर होता. त्याला लागूनच १८७६-७७ चा मोठा दुष्काळ. गुरं मेली, माणसं मेली. त्या काळात सत्यशोधक समाजानं धनकवडीला पोरक्या, उपाशी मुलांसाठी आश्रम चालवला. सरकारनं १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. तो ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला त्यांत पुणे, सातारा, सोलापूर यांच्याबरोबर आपला नगर जिल्हा होता. पण कायद्याचा विषय कर्ज आणि सावकार हा होता. शेतकरी कर्जात का बुडतो, याचं एक उत्तर जमिनीतच आहे, ती पूर्वीइतकं पिकत नाही, हे कुणी धड बोलत नव्हतं.

ते जोतीराव बोलले. १८८३ साली त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. सुरुवातीचे भाग 'दीनबंधू' पत्रात छापून आले, पुढचे छापायला संपादक नारायण मेघाजी लोखंडे धजावले नाहीत. जोतीराव थांबले नाहीत. लोकांपुढे वाचत राहिले, बडोद्याला जाऊन सयाजीराव गायकवाडांनाही वाचून दाखवलं. या पुस्तकाची ओळख धर्म आणि जात यांवरच्या टीकेसाठी आहे, आणि ती टीका त्यात आहेच. पण आज मला तुमचं लक्ष वेधायचं आहे ते त्यातल्या मातीच्या हिशोबाकडे.

तो हिशोब माझ्या शब्दांत सांगते. जमीन पिकते कारण तिला वर्षानुवर्षं काहीतरी येऊन मिळत असतं. डोंगरावरचं गवत, झाडांची पानं-फुलं, मेलेले किडे, जनावरांचे सांगाडे, हे सगळं कुजतं आणि वळवाच्या पावसाबरोबर खालच्या शेतात उतरतं. गुरं गायरानात चरतात आणि त्यांचं शेण रानात येतं. आणि शेतकरी जमिनीचा एखादा तुकडा पाळीपाळीनं पडीक ठेवतो, तिला दम घेऊ देतो. हे तीन झरे इंग्रजी अमदानीत आटले. डोंगर आणि गायरानं जंगल खात्यानं घेतली, मग गुरांना चारा नाही, गुरं घटली आणि शेणखतही घटलं. सारा इतका वाढला आणि वाटण्या होऊन जमिनी इतक्या लहान झाल्या की तुकडा पडीक ठेवणं परवडेना. आणि डोंगर बोडके झाल्यावर वरून येणारं सत्त्व नदी-नाल्यात वाहून वाया जायला लागलं.

थोडा वेळ इथेच थांबू. त्या काळी सरकारी अहवालात जमीन नापीक होण्याचा दोष बऱ्याचदा कुणबी माणसावर टाकलेला दिसे. तो आळशी आहे, लग्नात उधळतो, जुन्या अवजाराला चिकटून बसतो. जोतीरावही शेतकऱ्याच्या अडाणीपणावर चिडतात, पण त्यांनी दोष एका माणसाच्या स्वभावात शोधला नाही. माती, गुरं, डोंगर, सारा आणि जंगलाचा कायदा ही एकच साखळी आहे, एक कडी तुटली की सगळं सैल पडतं, असं त्यांनी मांडलं. आज आपण परिसंस्था हा शब्द फळ्यावर लिहितो. तो शब्द त्यांच्याकडे नव्हता, समज होती.

उपायही त्यांनी हातानं करण्यासारखे सांगितले. फौजेतल्या आणि पोलीस खात्यातल्या रिकाम्या शिपायांकडून डोंगरउतारावर तालीसारखे बांध घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचं पाणी शेताशेतातून मुरत मुरत मग नदीला मिळेल. तलाव-नद्यांतला गाळ शेतकऱ्यांना पूर्वीसारखा फुकट नेऊ द्यावा. गायरानं गावांना परत करावीत. कालव्याचं पाणी ज्याच्या त्याच्या गरजेइतकं मिळावं म्हणून प्रत्येक शेताला तोटी बसवून द्यावी. पिकांची प्रदर्शनं भरवावीत, चांगल्या शेतकऱ्याला बक्षीस द्यावं. आपल्या राज्यात २०१७ साली गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आली तेव्हा यातल्या गाळाच्या मुद्द्याची आठवण कुणी काढली की नाही, कोण जाणे.

मुलांना सांगताना एक काळजी घ्या. जोतीरावांना सूक्ष्मजीवांचं ज्ञान होतं, असं उत्साहाच्या भरात सांगून टाकू नका. तसं नव्हतं. १८८३ साली ते जगात कुणालाच नीट माहीत नव्हतं. डाळवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नायट्रोजन बांधतात, हे जर्मनीत हेलरीगेल यांनी १८८६ च्या सुमारास दाखवलं. त्या गाठीतले जिवाणू हॉलंडच्या बायरिंक यांनी १८८८ साली वेगळे करून वाढवले. म्हणजे जोतीराव अंथरुणाला खिळले त्याच वर्षी. ही दोन कामं एकमेकांना माहीत असण्याचं कारणच नव्हतं. एक प्रयोगशाळेत चाललं होतं, दुसरं पुण्याच्या गंज पेठेत. पण जोतीरावांचा प्रश्न, की मातीला खाऊ कोण घालतं, त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग त्या काचेच्या नळ्यांतून येत होता.

त्या उत्तरात आपल्या भाताच्या खाचरांशी थेट संबंध असलेला एक जीव आहे, सायनोबॅक्टेरिया. पुस्तकात त्याला नील-हरित शैवाल किंवा निळं-हिरवं शेवाळ म्हणतात. नावात शेवाळ असलं तरी तो जिवाणूच आहे. पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन प्रथम भरला तो यांच्या पूर्वजांनी, दोन अब्जांहून अधिक वर्षांपूर्वी. हा जीव दोन कामं करतो, वनस्पतीसारखं उन्हात अन्न बनवतो आणि त्याच्या काही जाती हवेतला नायट्रोजनही बांधतात. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण पिकाला तो तसा घेता येत नाही. युरियाच्या कारखान्यात तो बांधायला चारशे-पाचशे अंश उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. हा जीव तेच काम पावसाळी खाचरात, साध्या उन्हात करतो. अडचण एकच, नायट्रोजन बांधणारं त्याचं विकर ऑक्सिजनपुढे टिकत नाही, आणि तो स्वतःच तर ऑक्सिजन सोडतो! म्हणून नॉस्टॉक, अनाबिना अशा जातींच्या माळेत अधूनमधून एक जाड भिंतीची वेगळी पेशी असते. ती ऑक्सिजन तयारच करत नाही, फक्त नायट्रोजन बांधते आणि शेजारच्या पेशींना देते. बदल्यात शेजारच्या पेशी तिला साखर पुरवतात. वर्गात मुलांना मण्यांची माळ दाखवून हे सांगा, दहा-बारा मण्यांमागे एक मोठा मणी. लगेच कळतं.

भातशेतात हे काम याच जिवांमुळे होतं, हे पी. के. डे या भारतीय शास्त्रज्ञानं १९३९ साली बंगालच्या भातजमिनींवरच्या प्रयोगांतून दाखवलं. खत न घालताही भाताची खाचरं पिढ्यानपिढ्या थोडंफार पीक का देत राहतात, त्याचा एक उलगडा झाला. नंतर काशीच्या आर. एन. सिंग यांनी उत्तर भारतातली खारी, चोपण जमीन सुधारायला पावसाळ्यात पाणी अडवून हेच शेवाळ वाढवून पाहिलं. त्याचा चिकट लगदा मातीचे कण एकमेकांना धरून ठेवतो, वर पापुद्रा बनतो, धूप कमी होते, ओल टिकते. सेंद्रिय अंश वाढतो. म्हणजे नायट्रोजन हा एकच फायदा नाही.

आता हे आपल्या जिल्ह्यात आणून बघा. अकोले तालुक्यात भंडारदरा, हरिश्चंद्रगडाच्या बाजूला धो धो पाऊस आणि भाताची खाचरं. तिथे हे शेवाळ सहज वाढतं. लावणीनंतर आठवड्याभरानं हेक्टरी १० किलो वाळवलेलं शेवाळ खाचरातल्या उभ्या पाण्यात फेकायचं, अशी सर्वसाधारण शिफारस असते. चांगलं वाढलं तर हंगामात हेक्टरी २० ते ३० किलो नायट्रोजन मिळतो, असं मानलं जातं. पण शेतात युरिया भरपूर पडला की हा जीव नायट्रोजन बांधायचं थांबवतो. आयतं मिळतंय तर कष्ट कशाला! पाथर्डी, जामखेड, कर्जतच्या कोरडवाहू रानात मात्र याच्यावर फार भिस्त ठेवता येत नाही. त्याला ऊन हवं तशी ओलही हवी. तिथे तो पावसाळ्यात जमिनीवर पातळ पापुद्रा धरतो आणि उन्हाळ्यात सुकून पडून राहतो. ज्वारी-बाजरीला त्यावर भागत नाही. तिथे शेणखत, कडधान्यांचा फेरपालट आणि बांधबंदिस्ती हेच खरं. प्रवरा आणि गोदावरीच्या कालव्यांखाली तर उलटीच गोष्ट. पाणी जास्त झालं, निचरा नाही, आणि कितीतरी जमीन चोपण-खारवट झाली. जोतीराव शेताला मोजून पाणी देणारी तोटी मागत होते ती पाणी सर्वांना पुरावं म्हणून. पाणी जास्त झाल्यानंही जमीन मरते, हे आपल्या पट्ट्यानं नंतर भोगलं.

जोतीरावांचं सगळंच आज जसंच्या तसं लागू पडतं असंही नाही. त्यांना गायरानं गुरांसाठी खुली हवी होती. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या आपल्याच गावांनी डोंगर सावरला तो चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी करून. वरवर पाहता हे त्यांच्या विरुद्ध. पण जोतीरावांचा राग बंदीपेक्षा ती कोण घालतं यावर होता, असं मला वाटतं. पुण्या-मुंबईच्या कचेरीतून आलेली बंदी आणि ग्रामसभेत हात वर करून घेतलेली बंदी यांत फरक आहे. बांध घालून पाणी मुरवण्याचा त्यांचा उपाय तर या दोन्ही गावांनी अक्षरशः केला. नववी-दहावीच्या मुलांना यावर वाद घालायला लावा, चांगला रंगतो.

'असूड' लिहिल्यावर जोतीरावांना फार वर्षं मिळाली नाहीत. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात हरी रावजी चिपळूणकरांनी ड्यूक ऑफ कॅनॉटला मेजवानी दिली. उंची कपड्यांतल्या त्या मंडळींत जोतीराव शेतकऱ्याच्या साध्या वेशात गेले, आणि इथे जमलेल्या श्रीमंतांवरून हिंदुस्थानची पारख करू नका, खेड्यात जाऊन बघा, अशा आशयाचं बोलले. ११ मे रोजी मुंबईत मांडवी कोळीवाड्याच्या सभेत त्यांना महात्मा ही पदवी मिळाली. त्याच जुलैत पक्षाघाताचा झटका आला, उजवा हात गेला. मग डाव्या हातानं लिहायला शिकले आणि 'सार्वजनिक सत्यधर्म' पुरा केला. तो छापून आला १८९१ साली. त्याआधीच, २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. संपूर्ण 'असूड' छापलेला बघणं त्यांच्या नशिबी नव्हतं.

राहुरीचं विद्यापीठ १९६८ साली स्थापन झालं. सहल काढलीत तर नुसता पुतळा दाखवून परत येऊ नका, मुलांना माती परीक्षणाचं काम बघायला मिळेल का ते आधी विचारून ठेवा.

सहल जमत नसेल तर हे वर्गात करा. दोन काचेचे ग्लास घ्या, दोन्हीत खाचरातली किंवा ओढ्याकाठची मूठभर माती आणि वर दोन बोटं पाणी. युरिया पडलेल्या शेतातली माती नको. एका ग्लासाला काळा कागद गुंडाळा आणि दोन्ही खिडकीत, उजेडात ठेवा. पाणी आटलं तर घालत राहा. दोन-तीन आठवड्यांत उघड्या ग्लासात हिरवट थर धरतो, झाकलेल्यात धरत नाही. तो सगळा थर सायनोबॅक्टेरियाचाच असतो असं नाही, त्यात साधी हिरवी शैवालंही असतात. सूक्ष्मदर्शक असेल तर थेंबभर पाणी काचपट्टीवर घेऊन माळेतला तो मोठा मणी शोधायला सांगा. सापडायला वेळ लागतो. जयंतीला दाखवायचं असेल तर ग्लास मार्चच्या मध्यावर भरून ठेवा.